लाकूड गोल कसं होतं

एक सरळ फळी घ्या, कंपासने तिच्यावर दोन वर्तुळं आखा आणि करवतीने कडं कापून घ्या. दिसायला उत्तम स्टिअरिंग तयार होईल. पण गाडीला लावून जोर दिला की ते मोडेल, आणि नेमकं कुठे मोडेल तेही आधीच सांगता येतं. फळीच्या रेषा आडव्या ठेवल्या असतील, तर ते डाव्या आणि उजव्या टोकाला मोडेल. म्हणजे चालवणाऱ्याचे हात असतात तिथेच. त्या दोन जागी कडं उभं जातं आणि लाकडाच्या रेषा त्याला आडव्या छेदतात. बोटभर लांबीच्या तंतूंवर सगळा भार येतो, आणि लाकूड नेहमी रेषेवरूनच फाटतं.

मग १९५० आणि ६०च्या दशकांतल्या स्पोर्ट्स गाड्यांची लाकडी स्टिअरिंगं इतकी वर्षं टिकली कशी? त्यांच्यावर माणसांनी डोंगराळ घाट उतरले, रात्रभर शर्यती मारल्या. याचं उत्तर मला समजलं तेव्हापासून ही चाकं माझ्या डोक्यातून जात नाहीत. त्यांत लाकूड झाडात असतं तसं सरळ राहिलेलंच नसतं. पातळ पट्ट्या वाफेने मऊ करून साच्याभोवती वळवतात, एकीवर एक चिकटवतात, आणि थंड झाल्यावर त्या गोलच राहतात. लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन ओलसर अवस्थेत उकळत्या पाण्याच्या तापमानाजवळ मऊ पडतं. तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात आणि निवल्यावर नव्या जागी पक्के होतात. आता कड्याचा कुठलाही बिंदू घ्या, रेषा घेराबरोबरच धावताना दिसते. आखूड, कमजोर जागा उरतच नाही.

बैलगाडीच्या चाकाने हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आहे. त्याचा घेर तुकड्यांचा असतो, प्रत्येक तुकड्यात रेषा शक्य तितकी वळणाच्या दिशेने ठेवलेली, आणि वरून तापवून चढवलेली लोखंडी धाव त्या सगळ्यांना आवळून धरते. काही स्टिअरिंगंही तुकड्यांची असत; बोटांत बोटं गुंतवावीत तसे सांधे घालून जोडलेली. दोन्ही पद्धती खऱ्या. माझं मन मात्र वाकवलेल्या पट्ट्यांकडे ओढलं जातं, कारण चांगल्या चाकावर बोट फिरवताना रेषा कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सापडतच नाही.

वसईजवळच्या आचोळ्यात बसून हे लिहिताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. लाकूड वाकवणं या किनाऱ्याला नवं नाही. पोर्तुगिजांच्या काळात वसई जहाजबांधणीसाठी ओळखली जाई, आणि जहाजाची बाजू म्हणजे फळ्यांना दिलेलं वळणच. आज आचोळ्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथे औद्योगिक गाळ्यांच्या रांगा आहेत. लेथ, बफिंग, प्लेटिंग, मोल्डिंग, एका जुन्या स्टिअरिंगला लागणारं जवळजवळ सगळं काम इथे रिक्षाच्या अंतरावर होऊ शकतं. फक्त हे काम घाईचं नाही, एवढं समोरच्याला पटवावं लागतं.

मोटारीला गोल स्टिअरिंग पहिल्यापासून नव्हतं. सुरुवातीच्या गाड्या होडीच्या सुकाणूसारख्या दांड्याने वळवत. १८९४ सालच्या पॅरिस ते रुआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरों याने आपल्या पानहार्ड गाडीला चाक लावलं, आणि पुढच्या काही वर्षांत दांडा मागे पडत गेला. पण गाडीच्या कारखान्याने दिलेलं चाक काढून दुसऱ्या कारागिराचं, अधिक देखणं आणि हाताला नेमकं बसणारं चाक लावायचं, ही हौस खरी बहरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तिचं सर्वांत मोठं नाव एन्रिको नार्दी.

नार्दीचा जन्म १९०७चा, बोलोन्याचा. लान्चियात काम केलं, मग एन्झो फेरारीकडे आला. १९३९मध्ये फेरारीने आल्फा रोमिओ सोडली तेव्हा काही वर्षं स्वतःच्या नावाने गाड्या बनवायच्या नाहीत अशी अट त्याच्यावर होती. म्हणून त्याने पहिली गाडी ‘आउटो आव्हिओ कोस्त्रुत्सिओनी ८१५’ अशा कोरड्या नावाने बनवली. त्या कामात नार्दी होता. १९४०च्या मिल्ले मिल्या शर्यतीत अशा दोन गाड्या उतरल्या. एकीत तो स्वतः सहचालक म्हणून बसला होता. दोन्ही गाड्या शर्यत पुरी करू शकल्या नाहीत.

आता यात आपल्या कामाचं काय? ती ८१५ गाडी फियाटच्या ५०८ सी या साध्या कौटुंबिक गाडीच्या सामानावर उभी होती. १९३७च्या या ५०८ सी गाडीचं इंजिन होतं १०८९ सीसी: सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, पिस्टनचा प्रवास ७५ मिमी. हे आकडे मुंबईच्या कुठल्याही जुन्या फियाट मेकॅनिकला ओळखीचे वाटतील. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली, तिचं इंजिनही १०८९ सीसीचंच, त्याच वंशातलं. फेरारीची पहिली गाडी आणि आपली काळी-पिवळी टॅक्सी यांच्यातलं हे नातं मी कितीही वेळा मनात घोळवलं तरी त्याचं नवल ओसरत नाही. म्हणून पद्मिनीवर नार्दीचं लाकडी स्टिअरिंग बसवलेलं पाहिलं की मला ते उसनं वाटत नाही. घरचं माणूस घरी आल्यासारखं वाटतं.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नार्दी तुरिनमध्ये लाकडी स्टिअरिंग बनवू लागला. रचना साधी. ॲल्युमिनियमच्या एकाच पत्र्यातून कापलेला सांगाडा: मध्ये तुंबा, तीन आरे आणि बाहेरचं पातळ कडं. त्या कड्याच्या पुढून आणि मागून लाकडाचे दोन अर्धगोल घेर बसवायचे, मधोमध ॲल्युमिनियमची चमकती रेघ दिसत ठेवायची, मागच्या बाजूला बोटांसाठी खाचा करायच्या. फेरारीच्या २५० मालिकेतल्या गाड्यांना ही चाकं होती. इंग्लंडमध्ये मोटो-लिटा, तसंच शर्यतपटू लेस लेस्टन याच्या नावाची चाकं याच कुळातली. १९६१च्या जग्वार ई-टाइपला तर कंपनीनेच आऱ्यांना भोकं पाडलेलं लाकडी स्टिअरिंग दिलं होतं.

ही चाकं आजच्या मानाने मोठी दिसतात. त्याचं कारण शोभेचं नाही. तेव्हा पॉवर स्टिअरिंग नव्हतं. टायर वळवायला लागणारा सगळा जोर माणसाच्या दंडातून यायचा. १६ इंची चाकाऐवजी १४ इंची लावलं, तर तेवढंच वळण घेण्यासाठी हाताला सुमारे १४ टक्के जास्त जोर लावावा लागतो. बदल्यात हाताचा प्रवास घटतो: मोठ्या चाकाचा पूर्ण फेरा साधारण १२८ सेंटिमीटरचा, लहानाचा ११२. शर्यतीत हे १६ सेंटिमीटर फार मोलाचे. शिवाय बसण्याची पद्धत बदलत होती. १९५०चा पहिला फॉर्म्युला वन विश्वविजेता ज्युसेप्पे फारिना हात जवळजवळ ताठ ठेवून, मागे रेलून चालवायचा, आणि ती ढब पुढच्या पिढीने उचलली. चाकापासून लांब बसणाऱ्याला छातीशी येणारं मोठं कडं नको असतं, म्हणून हळूहळू व्यास घटले. पद्मिनी चालवलेल्यांना हे सगळं खांद्यात आठवेल. उभ्या गाडीत तिचं स्टिअरिंग फिरवणं हा व्यायाम होता, गाडी जराशी सरकली की तेच हलकं व्हायचं, आणि डाव्या हाताला स्टिअरिंगच्या दांड्यावरचा हँडगिअर सांभाळायचा असायचा. अशा गाडीला फार छोटं चाक लावणं मला पटत नाही. १५ इंचांच्या खाली गेलात की पार्किंगमध्ये रोज त्याची किंमत मोजावी लागते.

मग चामडं आलं. जानपिएरो मोरेत्ती या हौशी शर्यतपटूने स्वतःच्या गाडीसाठी जाड पकडीचं चाक करून घेतलं. १९६४मध्ये जॉन सर्टीसच्या फेरारीवर त्याचं चाक लागलं आणि त्याच वर्षी सर्टीस विश्वविजेता झाला. मोरेत्ती आणि मोंझा यांच्या आद्याक्षरांतून मोमो हे नाव झालं. काळे आरे (चमकत्या ॲल्युमिनियमवरून ऊन डोळ्यांत येतं म्हणून काळे), त्यांत गोल भोकं, वर काळं चामडं.

या चामड्याच्या शिवणीत एक भूमितीचं कोडं दडलंय. ३५० मिमी व्यासाचं चाक आणि २८ मिमी जाडीची पकड धरा. बाहेरच्या कडेने घेर येतो सुमारे ११० सेंटिमीटर, आतल्या कडेने जेमतेम ९२. एकाच सरळ पट्टीने दोन्ही झाकायचे, आणि कुठे चुणी पडता कामा नये. साडेसतरा सेंटिमीटरांचा फरक जातो कुठे? चामड्यात. पट्टी मुद्दाम थोडी आखूड कापतात, दमट करतात, बाहेरच्या बाजूला ती ताणली जाते, आत आकसते, आणि शिवण नेहमी आतल्या कडेला घेतात. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक टाक्याला सारखाच ताण. मुंबईच्या चामड्याच्या कामाचं माहेरघर धारावी. तिथे हे करू शकणारे हात आहेत. मात्र नमुन्याला जुनं चामडं न फाडता, शिवण उसवून सोडवून न्यावं. त्यावरची भोकंच नव्या पट्टीचा नकाशा असतात.

आता किनारपट्टीवर या चाकांचं काय होतं ते पाहू, कारण आमच्या भागात खरी झुंज इथेच आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात वसईच्या हवेत उघडं लाकूड सतराअठरा टक्के ओलाव्यापर्यंत जातं, कोरड्या महिन्यांत दहाच्या आसपास उतरतं. या चढउतारात ते रेषेच्या दिशेने जवळजवळ हलत नाही, पण आडव्या दिशेने फुगतं. पंचवीस मिलिमीटरच्या पकडीत साधारण अर्धा मिलिमीटर. ॲल्युमिनियमला ओलाव्याशी काही घेणंदेणं नाही, त्याला उष्णता कळते. मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीत ४० सेंटिमीटरचं कडं पाव मिलिमीटरहून अधिक वाढतं, आणि त्याच वेळी लाकूड कोरडं पडून आकसत असतं. एक फैलावतंय, दुसरं आवळतंय, आणि मधे साठ वर्षांपूर्वीचा सरस. तो कधीतरी सुटतोच. म्हणून माझ्या मते यांच्या दुरुस्तीत चकाकी शेवटी येते. आधी दोन न जुळणाऱ्या पदार्थांना पुन्हा एकमेकांसोबत राहायला लावायचं असतं.

माझ्या टेबलावर सध्या एक आहे. कुणा कारागिराचं नाव नसलेलं, तीन आऱ्यांचं, तपकिरी. त्याची तपासणी कानाने सुरू होते. बोटाच्या पेराने घेरभर ठोकत फिरायचं. लाकूड घट्ट असेल तिथे आवाज टणक, सुटलं असेल तिथे बद्द. दहा आणि दोनच्या जागी, जिथे तळवे राहत, वार्निश पूर्ण गेलंय आणि लाकूड काळसर, मऊ गुळगुळीत झालंय. खालच्या आऱ्याजवळ दोन अर्धगोलांच्या मधे नखाची कड जाईल एवढी फट आहे. फट दिसली की पहिला मोह होतो ती भरून टाकायचा. पण आतला जुना, भुगा झालेला सरस तसाच राहिला तर नवा चिकटणार भुग्याला. त्यामुळे जुन्या ब्लेडच्या टोकाने तो खरवडून काढायचा, ओल्या फडक्याऐवजी कोरड्या ब्रशने झाडायचा. मग पातळ इपॉक्सी किंचित कोमट करून आत सोडायची. कोमट झाली की ती पाण्यासारखी धावते आणि फटीच्या तळापर्यंत पोचते. दाबायला लोखंडी शिकंजे नकोत, ते गोल लाकडावर वळ उठवतात. सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टी करून कापायची आणि घेरावर ताणून गुंडाळत जायची. प्रत्येक फेऱ्याने दाब वाढतो आणि सगळीकडून सारखा येतो. दुसऱ्या दिवशी ट्यूब सोडताना फटीतून बाहेर आलेल्या इपॉक्सीचे मणी कडेने रांगेत उभे असतात. तेव्हा कळतं, आत कुठे जागा कोरडी राहिलेली नाही.

तुकडाच गेला असेल तर आपल्याकडे सहज मिळतो म्हणून साग घालावासा वाटतो. साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी तो थिनरने पुसला नाही तर सांधा धरत नाही. रंगही बहुधा जमत नाही, कारण ही चाकं प्रामुख्याने महोगनी किंवा अक्रोडाची. जुन्या फर्निचरच्या मोडीतला महोगनीचा तुकडा मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. तो आधीच मुरलेला असतो. रिव्हेटभोवती काळे डाग दिसले तर ते बहुतेकदा लोखंड, ओलावा आणि लाकडातलं टॅनिन यांच्या संयोगाने पडलेले असतात, आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या सौम्य पाण्याने उतरतात.

वार्निश पावसाळ्यात करायचंच नाही. ओल्या हवेत लॅकर वाळताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर बाष्प बसतं आणि पॉलिश दुधासारखं पांढरट होतं. वसईत जुलैत हे हमखास घडतं. ऑक्टोबरची हीट लागली, हवा जरा कोरडी झाली की मग पातळ थर, मधे बारीक काचपेपर, पुन्हा थर.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगतो की बफिंगच्या चाकावर सरसकट देऊ नका. नार्दीच्या आऱ्यावर सहीसारखं कोरलेलं नाव असतं. ती रेघ किती उथळ आहे ते भिंग लावल्यावर कळतं. कुणाच्या तरी बफिंगने अर्धी सही गेलेलं चाक मी पाहिलंय. लखलखीत होतं, पण सगळ्या जगात कुठे मिळणार नाही अशी ती रेघ तेवढ्यात संपली. चिन्हाची जागा चिकटपट्टीने झाकून बाकीचं हाताने, कापडाने आणि पेस्टने घासावं.

संग्रह करायचा तर चाक आधी उलटं करून पाहावं. पुढची बाजू कोणीही चमकवतं. मागच्या बाजूला खूण असते. मोमोच्या आऱ्यामागे बहुधा बनावटीचा महिना आणि वर्ष, आणि जर्मन मान्यतेचा केबीए क्रमांक ठोकलेला सापडतो. मग बोल्टची वर्तुळं मोजावीत. नार्दीचे सहा बोल्ट ७४ मिमीच्या वर्तुळावर असतात, मोमोचे सहा ७० मिमीच्या. फरक अवघा ४ मिमी, पण एकाचा बॉस दुसऱ्याला बसत नाही. पट्टीला धरून एवढंच मोजलं तरी निम्म्या नकला उघड्या पडतात. बॉस म्हणजे चाक आणि गाडीचा दांडा यांमधला धातूचा तुकडा, ज्याच्या आतले दाते दांड्याच्या दात्यांशी जुळावे लागतात. फियाटसाठी तो मिळाला नाही तर लेथवर करून घेता येतो. दाते मात्र घरगुती कामाचे नव्हेत. तिथे पुनःपुन्हा खात्री करून घ्यावी.

आणि जीवाशी खेळ नको. लाकडी घेर अपघातात फुटून टोकदार होऊ शकतो. अमेरिकेत १९६८पासून चालकाच्या छातीवरचा आघात कमी करणारी स्टिअरिंगं बंधनकारक झाली ती अशाच अनुभवांतून. दुरुस्तीआधी आऱ्यांची डाय पेनिट्रंट तपासणी करून घ्यावी: लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरा थर द्यायचा, आणि तडा असेल तर लाल रेघ आपोआप उमटते. आरा तुंब्याजवळ तडकला असेल तर वेल्डिंग करून ते चाक रस्त्यावर नेऊ नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो. भिंतीवर लावा, तिथेही ते सुंदर दिसेल. नव्या गाडीचं चाक बदलण्याचा तर प्रश्नच नाही. भारतात जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे आणि ती स्टिअरिंगच्या पोटातच असते. ही हौस आता फक्त जुन्या गाड्यांची.

त्या जुन्या गाड्यांत आपल्या कुर्ल्याच्या गाडीची पाळी आता आली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून पद्मिनी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस निवृत्त झाली. पण २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. त्यासाठी चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. १९७४च्या सुमाराला आलेल्या पहिल्या पद्मिनींनी आता ती पन्नाशी गाठली आहे.

पद्मिनीचं मूळ चाक प्लास्टिकचं, आत लोखंडी सळई. प्लास्टिक थंडी-उन्हात लोखंडापेक्षा कितीतरी पटींनी आकसतं-फुगतं, वर्षानुवर्षं आतलं मऊ ठेवणारं द्रव्य उडून जातं, आणि आऱ्यांच्या मुळाशी आडव्या चिरा पडतात. त्या बुजवण्याचं काम लाकडापेक्षा सोपं आहे: चीर व्हीच्या आकारात रुंद करायची, सळईवरचा गंज काढायचा, दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी थोडी उंच भरायची, वाळल्यावर कानसीने मूळ आकारावर आणायची आणि रंग द्यायचा. हॉर्नचं निकेल-क्रोम कडं वसईतल्याच एखाद्या प्लेटिंगच्या गाळ्यात नव्यासारखं होतं. लाकडी चाक बसवणाऱ्या अनेकांनी हे मूळ चाक भंगारात दिलं, आणि आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर चोर बाजारात तेच शोधत फिरतात. ते काढलंत तर सुती कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही, कारण पिशवीत ओल अडकते. आणि आडवं ठेवा, म्हणजे घेर लंबगोल होत नाही. दांड्यावर आणि बॉसवर खडूने एक सरळ खूणही करून ठेवा. चाक परत चढवताना पुढचे टायर सरळ असताना आरे सरळ यायला हवेत, आणि एक दाता चुकला तरी ते वाकडंच बसतं.